रक्तदाबाच्या औषधांची तुलना (दवाखान्यातील व घरच्या मोजणीवरून)

एखाद्या रुग्णाला रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी कोणती जास्त लागू पडते, हे दवाखान्यात घेतलेल्या आणि त्याने घरी टिपलेल्या आकड्यांवरून ठरवण्याची पद्धत. या दोन आकड्यांना एकच सीमा लावत नाहीत. उच्च रक्तदाबाची सीमा दवाखान्यात १४०/९० मिमी. पारा, तर घरच्या सरासरीसाठी १३५/८५ मानतात. म्हणून ‘जुन्या गोळीवर डॉक्टरांकडे १४४, नव्या गोळीवर घरी १३७’ यावरून नवी गोळी सरस म्हणता येत नाही.

बेळगाव सीमाभागात हा घोळ ठळक दिसतो. खानापूर तालुक्यातला माणूस सकाळी गोळी घेऊन बस धरतो, बेळगावात येऊन चिठ्ठी काढतो, रांगेत बसतो. बीपी बघेपर्यंत अकरा वाजतात. प्रवासाच्या दगदगीने आणि डॉक्टरांसमोरच्या धास्तीने दाब चढलेला असतो, तर काही गोळ्यांचा जोर नेमका त्याच वेळी भरात असतो. चिठ्ठीवरच्या आकड्यात हे दोन्ही मिसळलेले असते. शिवाय हाताने मोजताना शेवटचा अंक शून्यावर आणण्याची सवय असतेच. १४०/९० हा आकडा चिठ्ठ्यांवर उगीच इतक्यांदा येत नाही.

घरच्या मोजणीचे खरे मोल सकाळच्या आकड्यात आहे. लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी पाच मिनिटे टेकून बसून मोजले, की कालची गोळी रात्र ओलांडून टिकली का ते कळते. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३० ते ५० तास लागतात, टेल्मिसार्टनचे सुमारे २४, अ‍ॅटेनोलॉलचे मात्र ६ ते ७. दिवसातून एकदाच घेतलेली कमी टिकणारी गोळी अकराच्या रांगेत छान दिसते आणि पहाटे उघडी पडते. दवाखान्यात दाब ठीक, घरी जास्त, अशा प्रकाराला झाकलेला उच्च रक्तदाब म्हणतात. उलट प्रकारात गोळी वाढवण्याची घाई अनाठायी ठरते.

प्रत्येक गोळीवर निदान सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून पहिला दिवस सोडून सरासरी काढतात. गोळी बदलल्यावर आधी दोन ते चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य सांगावे लागते: बिडी, तपकीर किंवा मिश्रीनंतर अर्धा तास मोजू नये. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवूनही नको. दंड आवळला जाऊन आकडा चुकतो.

ऋतूही फसवतो. थंडीत दाब वाढतो, उन्हाळ्यात उतरतो. त्यामुळे जानेवारीतली गोळी एप्रिलमध्ये बदलली तर उन्हाचे श्रेय नव्या गोळीला जाते. एखाद्या दिवशी दाब फार चढला म्हणून गोळी बदलली, तरी पुढचा आकडा बहुधा आपोआपच खाली येतो.

काही फरक यंत्रात उमटत नाहीत. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते, एनालाप्रिलने कोरडा खोकला. वयस्कांना उठताना चक्कर येत असेल, तर उभे राहूनही मोजतात. नाडी अनियमित असल्यास घरच्या यंत्राचा एकेक आकडा भरवशाचा नसतो. अ‍ॅटेनोलॉल तर तुलनेपुरतेही एकदम बंद करत नाहीत. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.