थंड इंजिन बंद पडणे (इंजेक्शनवर बदललेल्या जुन्या गाड्या, गोवा)

कार्बोरेटर काढून इंधन इंजेक्शन बसवलेली जुनी पेट्रोल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होते, पण तापायच्या आत बंद पडते. गोव्यात या दोषाला ‘थंडीत बंद पडते’ म्हणतात, आणि ते नावच दिशाभूल करते. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. सत्तरी, सांग्याकडे थोडा खाली. एवढ्या गारव्याने पेट्रोल इंजिन अडत नाही. त्यामुळे इथे हवेपेक्षा आधी एक गोष्ट तपासावी लागते: इंजिन किती थंड आहे हे ईसीयूला (किती पेट्रोल सोडायचे ते ठरवणाऱ्या संगणकाला) कळते का?

कार्बोरेटरच्या गाडीत हे काम चालकाचा हात करायचा. चोक ओढायचा, आवाज ऐकत हळूहळू आत सारायचा. रूपांतरानंतर चोक जातो आणि सगळी भिस्त इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवर येते. सेन्सर थंडी सांगतो, ईसीयू त्या हिशोबाने जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या मारुती जिप्सीत नंतरचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले) इंजिन वायरिंगसकट बसवले असेल तर हा हिशोब कारखान्यातूनच झालेला असतो. जुन्याच इंजिनावर थ्रॉटल बॉडी (कार्बोरेटरच्या जागी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू चढवला असेल तर तो बसवणाऱ्याने केलेला असतो, आणि घोळ बहुधा तिथेच निघतो.

तपासणी सकाळी, सेल्फ मारण्याआधी सुरू करावी. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर पाणी ६० अंश दिसत असेल आणि बॉनेटवर दव असेल, तर चोर सापडला. स्कॅनर नसल्यास मल्टीमीटर पुरतो: नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २ ते ३ किलोओहम असतो आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास उतरतो. रूपांतरात हमखास होणारी चूक म्हणजे डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठीचा एका तारेचा सेन्सर ईसीयूला जोडणे. दोघांचे रोध जुळत नाहीत.

सेन्सर बरोबर निघाला तर गाडी सुरू करून एक्सलरेटर किंचित दाबून धरावा. एवढ्याने इंजिन तगले तर हवा कमी पडते आहे: आयडल व्हॉल्व्ह (एक्सलरेटर सोडलेला असताना इंजिनाला हवा देणारा) काजळीने अडकला आहे, किंवा रूपांतरात तो बसवलेलाच नाही. दाबताच इंजिन खोकून गप्प झाले तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे. चावी दोन-तीनदा फिरवून पंपाला दाब भरू दिल्यावर गाडी नीट सुरू होत असेल, तर रात्रीत दाब उतरतो आहे. पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर पाहावा.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची, गोष्ट वेगळी सांगायला हवी. ‘आपल्याकडे गरम होतं, कशाला ठेवायचा’ म्हणून तो काढून फेकण्याची सवय जुनी आहे. कार्बोरेटरवर ते खपून गेले. इंजेक्शनवर मात्र पाणी तापतच नाही, ईसीयू गाडीला थंडच समजत राहतो आणि पेट्रोल ओततो. काळे प्लग आणि पेट्रोलचा वास ही त्याची खूण. अशी गाडी पेट्रोल कमी पडून नव्हे, जास्त झाल्याने बंद पडते.

खाऱ्या हवेने कुजलेली अर्थिंगची पट्टी हा किनाऱ्याकडचा खास दोष आहे. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर सेन्सर बदलण्याआधी पट्टी बदलावी.

इथेनॉलचाही वाटा आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साधारण १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर जुळवलेला ईसीयू म्हणून कमी पेट्रोल देतो. इंजिन तापल्यावर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. थंड असताना तो कामालाच लागलेला नसतो. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते.

प्रोग्रॅम केलेल्या ईसीयूत २० अंशांखालच्या तापमानासाठीचे पेट्रोलचे आकडे अनेकदा अंदाजाने भरलेले असतात, कारण म्हापशात किंवा फोंड्यात बसून ते तपासणार कधी? तीच गाडी डिसेंबरात चोर्ला घाट चढून बेळगावला मुक्कामी गेली की पहाटे बंद पडते. दुरुस्तीला वेळ लागतो तो यामुळेच: इंजिन खऱ्या अर्थाने थंड दिवसातून एकदाच सापडते, आणि मालक गाडी चालवत गॅरेजला आणतो तोवर ती तापलेली असते. गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच ठेवून यावी, आणि सकाळी मेकॅनिक येईपर्यंत कोणी सेल्फ मारू नये.