शेतजमिनीची वाटणी: कलम ८५ चा अर्ज कुणाला करता येतो, आणि कोर्टात कधी जावं लागतं

वडील गेले, वारस नोंद झाली, सातबारावर चार नावं चढली, आणि बहुतेक घरांत विषय तिथेच थांबतो. बांधावर प्रत्येकाचा तुकडा ठरलेला असतो, पण उताऱ्यावर सगळं सामाईक. मग एकाला कर्ज काढायचं असतं, दुसऱ्याला विहीर पाडायची असते, आणि दर वेळी बाकीच्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते. सातबारावर सहधारक म्हणून नाव असलेला कुणीही अर्ज करू शकतो. मयत खातेदाराचं नाव अजून उताऱ्यावर असेल तर आधी वारस नोंद उरका. गावातलं घर किंवा शहरातला फ्लॅट या कलमात बसत नाही, हे फक्त शेतसारा भरणाऱ्या जमिनीसाठी आहे.

अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. सोबत सर्व गटांचे चालू सातबारा, ८ अ (खातेउतारा), नावं कशी लागली ते दाखवणारे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं आणि कोणाला कुठला हिस्सा ते दाखवणारा चतुःसीमेसह कच्चा नकाशा जोडायचा. तहसीलदार सर्वांना नोटीस काढतात, जबाब घेतात. आदेश झाला की तलाठ्याकडे फेरफार धरला जातो आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या. मोजणीशिवाय कागदावरची वाटणी जमिनीवर उतरत नाही.

या कागदांपेक्षा जास्त वेळ कच्च्या नकाशावर घालवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. वाटणीनंतरची भांडणं गुंठ्यांवरून कमी आणि विहिरीवरून जास्त होतात. विहीर ज्याच्या हिश्श्यात गेली त्याच्याकडे बाकीच्यांची पाण्याची पाळी किती दिवसांची, मोटारीची वीजजोडणी कोणाच्या नावावर, मागच्या हिश्श्याला बैलगाडी-ट्रॅक्टर जायला वाट किती फुटांची आणि कोणत्या बांधावरून, बांधावरच्या आंब्याचा धनी कोण, हे सगळं अर्जात आणि जबाबात लिहून घ्या. 'आपण भाऊच आहोत' यावर सोडलेली वाट पुढच्या पिढीत बंद होते. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात असेल तर तो कोण फेडणार, हेही ठरवा.

तुकडेबंदी कायद्याकडेही लक्ष हवं. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडत असेल तर तशी वाटणी होत नाही. एखाद्याला जमिनीऐवजी मोबदला घ्यावा लागतो.

आता बहिणींचं. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. म्हणून बहिणीला वगळून केलेला अर्ज टिकत नाही. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आणि ते काय आहे हे समजावूनच सही घ्यावी. 'वारस नोंदीचा कागद आहे' असं सांगून घेतलेली सही हा अन्याय आहे, आणि असे दस्त कोर्टात आव्हान दिले जातात.

एखाद्या सहधारकाने मालकी हक्काचाच प्रश्न उपस्थित केला, म्हणजे हिस्सा अमान्य केला किंवा जुन्या मृत्युपत्राचा दाखला दिला, तर दिवाणी न्यायालयात निकाल लागेपर्यंत तहसीलदार वाटणी करू शकत नाहीत. संमती अडली तरी व्यवहारात फाइल तिथेच थांबते. तेव्हा वाटपाचा दावा. त्यात सगळे सहहिस्सेदार पक्षकार हवेत आणि सगळ्या सामाईक मिळकती घ्यायला हव्यात. एखादा गट वगळला तर दावा त्याच कारणावर अडकू शकतो. मालमत्तेच्या काही वादांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, पण अनेक बहिणींना हे कुणी सांगतच नाही.

न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात (पहिल्या टप्प्याच्या निकालपत्रात) प्रत्येकाचा हिस्सा ठरवतं. शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हुकूमनामा हातात पडला की लोक निश्चिंत होतात आणि तो वर्षानुवर्षं पेटीत राहतो. निकालाची नक्कल मिळताच वकिलांना पुढची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) टाकायला सांगा आणि प्रकरण तहसीलला पोचलं का, याची स्वतः चौकशी करत राहा.