थंडीतली मोटारसायकल आणि अंगातली ऊब

अमुक कपडा उबदार आहे असे आपण म्हणतो, पण साध्या कपड्याला स्वतःची ऊब नसते. ऊब शरीराची असते. कपडा ती फक्त धरून ठेवतो, आणि तेही धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. स्वस्थ बसलेले शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते. चालणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या अंगात ती कितीतरी अधिक तयार होते. मोटारसायकलस्वार मात्र जवळजवळ बसूनच असतो, आणि तरीही त्याच्या अंगावर वादळी वेगाचा वारा सतत आदळत राहतो.

या वाऱ्याचा परिणाम दोन प्रकारे मोजता येतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हवा ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला सुमारे उणे १ अंशाचा गारठा जाणवतो, तर ताशी ८० किलोमीटरला तो उणे ३ अंशांच्या आसपास जातो. वेग दुप्पट होऊनही फरक जेमतेम २ अंशांचा पडतो, हे वाचून हायसे वाटेल. पण वाऱ्याचा कपड्यावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. विणलेल्या स्वेटरमधील स्थिर हवा या दाबाखाली स्थिर राहतच नाही. संध्याकाळी फिरायला जाताना पुरेसा वाटणारा जाडजूड स्वेटर मोटारसायकलवर कुचकामी ठरतो, त्याचे कारण हेच.

म्हणून माझ्या मते पैसे आधी वारा अडवणाऱ्या बाहेरच्या थरावर खर्च करावेत आणि विजेवर तापणाऱ्या कपड्यांचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. जॅकेट घेताना आरशासमोर ताठ उभे राहून पाहणे पुरेसे नाही. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बसले की बाही मनगटावरून मागे सरकते, पाठीचा काठ वर चढतो आणि वाऱ्याला नेमक्या त्याच फटी सापडतात. झिपच्या मागे वारा अडवणारी कापडाची पट्टी आणि गळ्याशी नीट बसणारी पट्टी किंवा गळपट्टा असणे जाड अस्तराइतकेच महत्त्वाचे आहे. जॅकेट फार घट्टही नसावे, कारण दाबले गेलेले अस्तर हवा साठवू शकत नाही.

घामाकडे आणि पावसाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, शिवाय बाष्प होताना ते त्वचेची उष्णता शोषून घेते. सुती बनियन ओलावा धरून ठेवतो, म्हणून अंगालगत बारीक लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर बरा. बाहेरच्या थरात पाणी अडवणारा पण बाष्प जाऊ देणारा पडदा असल्यास उत्तम. असा पडदा १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातील प्लॅस्टिक झटक्यात ताणल्यावर मिळालेल्या सच्छिद्र पदार्थापासून तयार होऊ लागला.

खरी परीक्षा हातांची असते. शरीर थंड पडू लागले की मेंदू आणि हृदय उबदार ठेवण्यासाठी बोटांकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात आणि ब्रेक-क्लच हाताळण्यातील सफाई कमी होते. म्हणजे हातमोजे कितीही जाड असले, तरी छाती-पोट गारठलेले असेल तर बोटांपर्यंत गरम रक्त पोहोचतच नाही. तापणारे जॅकेट किंवा बंडी येथे कामी येते: धड उबदार राहिले की शरीर बोटांचा रक्तपुरवठा फारसा आखडता घेत नाही. तापणारे हँडल तळव्याला सुखावते. हाताच्या पाठीला वारा लागतोच, म्हणून त्याच्या जोडीला वारा अडवणारे हातमोजे किंवा हँडलवरची आच्छादने हवीतच.

विजेचा हिशेब सोपा आहे, पण तो खरेदीआधी करावा. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ९० वॅटचे जॅकेट साडेसात अँपिअर प्रवाह ओढते. गाडीचा जनित्र किती वॅट तयार करतो आणि दिवे व इंजिन त्यातले किती वापरतात, हे वजा करून उरलेली शक्ती याहून कमी असेल, तर बॅटरी वाटेतच उतरेल. छोट्या इंजिनाच्या गाड्यांत हा धोका मोठा असतो. जोडणीत योग्य क्षमतेचा फ्यूज हवा आणि खाली उतरताना किंवा पडल्यावर वायर आपोआप सुटेल असा जोड हवा. स्वतंत्र बॅटरीची बंडी ही कटकट टाळते, मात्र ७.४ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३७ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे १५ वॅटवर अडीच तासांच्या आतच ती संपते.

तापणारा थर पातळ अंतर्वस्त्रावर, पण बाहेरच्या जॅकेटच्या आत घालावा. थेट कातडीवर नको. त्वचेला ४४ अंशांचा स्पर्शही अनेक तास राहिल्यास भाजू शकते, आणि थंडीने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेला ते भाजणे वेळेवर कळत नाही.