भूकंप नेमका केवढा? त्सुनामीच्या इशाऱ्यातले अवघड कोडे

२६ डिसेंबर २००४. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळ फाटला. भूकंपाच्या पहिल्या लहरी चारेक मिनिटांत चेन्नईला पोहोचल्या, काही जणांना हादरा जाणवलाही. पाणी यायला मात्र अजून अडीच तास होते. ते अडीच तास तसेच निघून गेले आणि एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

हिंदी महासागरासाठी तेव्हा इशारा यंत्रणाच नव्हती, हे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेच आहे. पण त्या सकाळची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. हवाईतले पॅसिफिक त्सुनामी केंद्र जागे होते. पंधरा मिनिटांत त्यांनी भूकंपाची नोंद जाहीर केली, मॅग्निट्यूड (भूकंपाच्या आकाराचा आकडा) ८.०. तासाभराने आकडा ८.५ झाला. प्रत्यक्षात तो ९.१ ते ९.३ होता. एका अंकाचा फरक म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा.

इतकी चूक का झाली? पृष्ठभागावरून जाणाऱ्या भूकंपलहरींपैकी साधारण २० सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करणारी लहर मोजून भूकंपाचा आकार काढण्याची जुनी रीत आहे. मध्यम भूकंपाला ती पुरते. पण सुमात्राच्या उत्तरेकडे भेग बाराशे किलोमीटरहून जास्त लांब, पार अंदमानपर्यंत उकलत गेली आणि त्याला आठ-दहा मिनिटे लागली. अशा भूकंपाची बरीचशी ताकद कित्येक मिनिटांच्या संथ लहरींमध्ये असते. छोट्या हेलकाव्यांच्या लहरींवरून तो मोजणे म्हणजे वीतभर पट्टीने शेत मोजणे. म्हणून हिरू कानामोरी या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलेले मोमेंट मॅग्निट्यूड आता वापरतात. भेगेचे क्षेत्रफळ, खडक किती सरकला आणि तो किती कणखर, या तिन्हींचा त्यात हिशेब असतो. तो नेमका काढायला संथ लहरींची वाट पाहावी लागते, आणि किनाऱ्यावरच्या माणसाकडे वेळच नसतो.

जपानसारख्या सज्ज देशालाही हे चुकले नाही. ११ मार्च २०११ला त्यांच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला, हे विलक्षणच. पण पहिला अंदाज ७.९ होता आणि खरा भूकंप ९.०. मियागीसाठी ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटर लाटेचा आकडा सांगितला गेला. सुधारित आकडे आले तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती. त्यानंतर जपानने जो बदल केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो: महाभूकंपाची शंका असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगायचेच नाहीत, लाट ‘प्रचंड’ असेल एवढेच सांगायचे.

शिवाय मोठा भूकंप म्हणजे मोठी त्सुनामी, असेही नाही. ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळच ८.६चा भूकंप झाला. तिथे खडक एकमेकांना घासत आडवे सरकले, तळ फारसा वर उचलला गेला नाही, आणि लाट जेमतेम मीटरभर उठली. म्हणून शेवटचा कौल समुद्राकडूनच घ्यावा लागतो.

तो घेण्याचे साधन समुद्राच्या तळाशी असते. कित्येक किलोमीटर खोलीवर ठेवलेला दाबमापक डोक्यावरच्या पाण्याचे वजन सतत मोजत असतो आणि पातळीतला सेंटीमीटरभर चढउतारही टिपतो. हा आकडा ध्वनिलहरींतून वरच्या तरंगत्या बॉयाकडे, तिथून उपग्रहाकडे जातो. एवढे बारीक मोजावे लागते, कारण भर समुद्रात त्सुनामी जहाजालाही कळत नाही. २००४मध्ये जेसन-१ हा उपग्रह भूकंपानंतर दोनेक तासांनी योगायोगाने त्या लाटेवरून गेला. उंची भरली सुमारे अर्धा मीटर.

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत ऑक्टोबर २००७पासून भारताचे इशारा केंद्र चालते. भूकंपाची पहिली माहिती साधारण दहा मिनिटांत निघते. मग संगणकात आधीच गणित करून ठेवलेल्या त्सुनामीच्या हजारो शक्यतांमधून जुळणारी निवडतात, आणि बॉया व भरतीमापकांच्या नोंदी येतील तसा इशारा वाढवतात किंवा मागे घेतात. मात्र अशा यंत्रणांची सगळी सुरुवात भूकंपमापकापासून असल्याने २२ डिसेंबर २०१८ला अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची कड कोसळून आलेली लाट इंडोनेशियात इशाऱ्याविनाच किनाऱ्यावर आली.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला धोका आहे तो पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे तिथे ८.१चा भूकंप झाला आणि त्याच सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. मधे चार तासांहून जास्त वेळ गेला. चार किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरने धावते, पन्नास मीटर खोलीवर ताशी ऐंशीने. मुंबईसमोरचा उथळ समुद्र रुंद आहे, म्हणून हा उशीर.

निकोबारमधल्या माणसाला जमीन हादरली की पळायचे कळते. वर्सोव्याला किंवा हर्णैला तो हादरा जाणवेलच असे नाही, तिथे इशारा हाच एकमेव निरोप. तो बंदरातल्या शेवटच्या होडीपर्यंत पोहोचला पाहिजे आणि उंचावर जायची वाट आधीपासून ठरलेली पाहिजे. खोल समुद्रात असलेल्या नौकांनी किनाऱ्याकडे परतू नये, त्या तिथेच सुरक्षित असतात. पहिली लाट ओसरली म्हणून किनाऱ्यावरच्यांनीही खाली उतरू नये, कारण पुढची लाट अर्ध्या-एक तासाने येऊ शकते आणि बरेचदा तीच मोठी असते.