घरी धातूची होडी बांधताय? किट घ्यावे की नुसती फाइल

आमच्याकडे फोन येतो तो बहुधा ‘किट केवढ्याला?’ या प्रश्नाने. आम्ही उलट विचारतो, ‘वेल्डिंग कोण करणार?’ भाव सांगायचा टाळत नाही. पण पत्रा कापून झाला म्हणजे होडी झाली, असे समजून पैसे भरलेल्या माणसाची पुढची दोन वर्षे फार वाईट जातात, म्हणून हे आधी विचारतो.

किटमध्ये तळाचे आणि बाजूचे पत्रे, फ्रेम (होडीच्या आतल्या आडव्या फासळ्या), बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) आणि इंजिन लागते तो मागचा ट्रान्सम हे सगळे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापून मिळते. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. फ्रेम कुठे बसवायची त्याच्या रेघा पत्र्यावरच ओढलेल्या असतात. फ्रेम खाचांनी एकमेकींत अडकतात, त्यामुळे सांगाडा बराचसा आपोआप मापात उभा राहतो. फाइल घेतलीत तर हेच सगळे डीएक्सएफमध्ये, म्हणजे कापणीचे यंत्र वाचते त्या आराखड्याच्या फाइलमध्ये, मिळते, पत्रा आणि कापणी तुमची. दोन्हीत आखणीचे कष्ट वाचतात. वेल्डिंग, घासणी, रंग, वायरिंग मात्र तेवढेच राहते.

फाइल कुणी घ्यावी? ज्याची कापणाऱ्याशी ओळख आहे आणि मापे वाचायची सवय आहे, त्याने. कोल्हापुरात लेझरवाले भरपूर आहेत, कापलेला माल आंबा घाटातून रत्नागिरीत आणता येतो. पण कापायला देण्याआधी दोन गोष्टी पाहा. आमच्या प्रत्येक फाइलमध्ये १०० मिमीचा एक चौकोन ठेवलेला असतो. यंत्राच्या पडद्यावर तो १०० मिमीच दिसला पाहिजे. इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली तर सगळे २५.४ पटीने चुकते. दुसरे, कापताना धातू वितळून जातो ती रुंदी. प्लाझ्माच्या यंत्राने (विजेच्या तप्त झोताने) कापताना ती साधारण दोन मिमी असते, लेझरमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच. ही रुंदी कापणाऱ्याचे सॉफ्टवेअर धरते, आम्ही फाइलमध्ये धरत नाही. दोघांनी धरली तर खाचा चुकतात.

जाडी बदलू नका, ही हात जोडून विनंती. एका गिऱ्हाइकाने ४ मिमीची फाइल घेतली आणि ‘जरा भक्कम होईल’ म्हणून ५ मिमीचा पत्रा आणून कापला. एकही फ्रेम खाचेत बसेना. ग्राइंडर घेऊन एकेक खाच मोठी करत आठ दिवस गेले. वजनही वाढले. आम्ही वापरतो त्या ५०८३ ॲल्युमिनियमचा ४ मिमी पत्रा चौरस मीटरला सुमारे १०.६ किलो भरतो, ५ मिमीचा १३.३ किलो. वीस चौरस मीटर पत्र्याला हा फरक ५३ किलोंचा, म्हणजे एक माणूस कायम होडीत बसलेला. (४ मिमी लोखंड चौरस मीटरला ३१ किलोंच्या वर जाते. लहान होडीसाठी आम्ही ते सुचवत नाही, जरी त्याचा वेल्डर गावोगाव मिळतो.)

आता वेल्डिंग. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. म्हणून जोड आधी ॲसिटोनने पुसायचा, मग स्टेनलेसच्या, फक्त याच कामाला ठेवलेल्या ब्रशने घासायचा. एमआयजीला (तार आपोआप पुढे सरकते त्या वेल्डिंगला) जोडावर सोडायला शुद्ध आरगॉन वायू लागतो आणि खाडीवरचा वारा तो उडवून नेतो, तेव्हा ताडपत्री बांधा. आधी सगळी होडी टाके (जागोजागी छोटे वेल्ड) मारून उभी करा, मग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे जोड भरा. एका बाजूने सलग ओढत गेलात तर होडी पिळवटते आणि मग ती सरळ होत नाही. पावसाळ्यात दमट हवेने जोडात बारीक छिद्रे पडतात. दसऱ्यानंतर सुरुवात केलेली बरी. पत्रे आधी आणलेत तर एकावर एक रचू नका. मध्ये पाणी अडकून डाग पडतात. पट्ट्या घालून उभे ठेवा.

रंगाबद्दल एकच सांगतो: लाकडी होडीला लावतात तो तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला कधीही लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबे हा पत्रा खाते. पितळी फिटिंगही थेट टेकवू नका. स्टेनलेसच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला.

मासेमारीसाठी होडी असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि पर्यटक न्यायचे असतील तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे नोंदणीचे आधी विचारून या, आराखडा त्यांना दाखवा. पत्रा कापल्यावर लांबी बदलता येत नाही.

पैसे भरण्याआधी आम्ही प्रत्येकाला त्याच फाइलमधून कापलेली, एकास दहा मापाची पुठ्ठ्याची होडी देतो. घरी बसून ती चिकटवून बघा. कुठला तुकडा कुठे जातो ते हाताला कळते, आणि एखादी खाच खटकली तर ती आम्हाला तेव्हाच सांगता येते. जमल्यास येताना वेल्डरलाही घेऊन या. आमच्याकडचे उरलेले तुकडे त्याला जोडायला देऊ. तो जोड तोडून आत छिद्रे आहेत का, ते तिघे मिळून पाहू.