करुणेची पुस्तकं आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

करुणा, मैत्री, माणसामाणसातला जिव्हाळा यावर काहीतरी चांगलं वाचायचंय म्हणून कोणी बौद्ध पुस्तकं शोधायला लागलं की समोर एकदम ढीगच येतो. माइंडफुलनेसची पुस्तकं, लामांची प्रवचनं, झेनच्या गोष्टी, रोज एक सुविचार टाइप छोटी पुस्तकं, आणि यातलं कुठलं कुठून आलंय हे मुखपृष्ठ बघून अजिबात कळत नाही. म्हणून या पुस्तकांचा मागचा इतिहास सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही पुस्तकं मुळात एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायला बनलीच नव्हती, ती एकत्र म्हणायला, पाठ करायला, करून बघायला आणि पुढच्याला देऊन टाकायला बनली होती. हे एकदा लक्षात आलं की कुठलं पुस्तक हातात घ्यायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

बुद्धानंतर काही शतकं पुस्तक असं काही नव्हतंच. भाणक म्हणून भिक्खू असायचे, त्यांच्या गटांनी वेगवेगळे भाग वाटून घेतलेले, कुणाकडे दीघनिकाय म्हणजे लांब उपदेशांचा संग्रह, कुणाकडे मज्झिमनिकाय म्हणजे मध्यम लांबीच्यांचा, आणि सगळे मिळून एका सुरात म्हणायचे म्हणजे कोणी चुकला तर बाकीचे सांभाळून घ्यायचे. सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांमध्ये, तीच तीच वाक्यं परत परत येतात आणि आज वाचताना लोकांना कंटाळा येतो त्याचं कारण हेच, ती कानासाठी रचलेली आहेत. मेत्ता सुत्त, म्हणजे मैत्रीवरचं सुत्त, त्यातलंच, जेमतेम १० गाथांचं. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जीव पणाला लावून जपते तसं सगळ्या जिवांबद्दल मन असावं, ही ओळ बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते. पण त्याच्या सुरुवातीकडे कोणी फारसं बघत नाही. सुरुवातीला प्रेमाचा शब्दही नाही, आधी सांगितलंय की माणूस सरळ असावा, बोलायला मऊ असावा, थोडक्यात समाधान मानणारा असावा, म्हणजे आधी वागणं आणि मग भावना. माझ्या मते हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि नव्या पुस्तकांमध्ये नेमका तोच गळतो.

हे सगळं पहिल्यांदा लिहिलं गेलं ते श्रीलंकेत, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात. परंपरेप्रमाणे जागा म्हणजे आलुविहार. कारण काय तर युद्ध आणि भयंकर दुष्काळ, पाठ असणारे भिक्खूच मरायला लागले. अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली भाष्यात, असं येतं की महानिद्देस हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला होता, आणि त्याचं वागणं चांगलं नव्हतं तरी बाकीच्यांनी त्याच्याकडून तो शिकून घेतला, नाहीतर ग्रंथच गेला असता. म्हणजे ताडपत्रावर लिहिणं ही हौस नव्हती, पुढच्यांसाठी काहीतरी वाचवायची धडपड होती.

नंतर पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरच्या महाविहारात बुद्धघोष या भिक्खूंनी विसुद्धिमग्ग हा साधनेवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं नववं प्रकरण मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्खा (समभाव) या चार ब्रह्मविहारांवर, म्हणजे मनाच्या उदात्त अवस्थांवर, आहे आणि आज जी काही मैत्रीभावनेची पुस्तकं, अ‍ॅप, ऑडिओ मिळतात त्यातली बहुतेक पद्धत थेट किंवा आडवळणाने या प्रकरणातूनच आलीय. स्वतःपासून सुरुवात, मग आदर वाटतो असा माणूस, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा, आणि सगळ्यात शेवटी वैरी. एकदम वैऱ्यापासून सुरू करू नका असं ते स्पष्ट सांगतात. आणि एक उदाहरण देतात ते मला फारच आवडतं: तुम्ही, तुमचा आवडता माणूस, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी असे चौघे बसलात, दरोडेखोर आले आणि म्हणाले यातला एक द्या बळी द्यायला, तर कुणाला द्याल? "मला न्या" असं म्हणालात तरी भावना अजून पूर्ण झाली नाही असं बुद्धघोष म्हणतात! चौघांपैकी कुणालाच द्यावंसं वाटत नाही, स्वतःलाही नाही, तेव्हा मधल्या भिंती पडल्या. स्वतःला विसरून दुसऱ्याचं करा एवढंच सांगणाऱ्या किंवा फक्त स्वतःवर प्रेम करा सांगून थांबणाऱ्या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांपेक्षा हे कितीतरी पुढचं आहे. शिवाय करुणेच्या अगदी जवळ उभा असलेला शत्रू कोण तर दुःखात बुडणं, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. रोजच्या बातम्या बघून खचून जाणं म्हणजे करुणा नव्हे, हे आजही ज्याला त्याला सांगावंसं वाटतं.

ही चार नावं फक्त बौद्धांकडेच राहिली असंही नाही. पतंजलीच्या योगसूत्रात पहिल्या पादातलं ३३वं सूत्र मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हेच चार शब्द याच क्रमाने घेतं. आणि शके १२१२ म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात मागितलंय ते काय, तर सगळ्या जिवांचं एकमेकांशी मैत्र जडो हेच. त्यामुळे अध्यात्माची पुस्तकं आणि बौद्ध पुस्तकं असे दोन वेगळे कप्पे करून शोधायची गरज निदान या विषयात तरी मला वाटत नाही.

महायान या बौद्ध धर्माच्या नंतरच्या शाखेत सगळ्यात मोठं नाव शांतिदेवांचं. आठव्या शतकात, नालंदा, ग्रंथ बोधिचर्यावतार, म्हणजे सगळ्यांसाठी बुद्धत्व मिळवायला निघालेल्याने कसं वागावं ते. परंपरेतली कथा अशी की बाकीच्यांना वाटायचं हा नुसता खातो आणि झोपतो, म्हणून सगळ्यांसमोर बसवून काहीतरी म्हणायला लावलं, तर याने हा आख्खा ग्रंथच म्हणून दाखवला. कथा खरी असो नसो, ग्रंथाचा बाज मात्र खरंच समोरच्याशी आणि स्वतःशी मोठ्याने वाद घालणाऱ्या माणसाचा आहे. आठव्या प्रकरणात ते विचारतात की दुःख मलाही नको, दुसऱ्यालाही नको, मग माझ्यात असं काय विशेष आहे की मी फक्त मलाच सांभाळतो? त्यावर समोरचा म्हणणार की त्याचं दुःख मला दुखत नाही. तर ते म्हणतात पायाचं दुखणं हाताला दुखत नाही, मग हात पायाला सांभाळायला का धावतो? हजारेक वर्षं लोक या युक्तिवादाशी झटापट करतायत आणि तो अजून जिवंत वाटतो. माणसं एकमेकांशी जोडलेली आहेत हे इथे गोड वाक्य म्हणून येत नाही, मुद्दा म्हणून येतं, आणि मुद्दा पटला नाही तर भांडायची सोय आहे.

तिबेटमध्ये हीच धारा भारतीय आचार्य अतीश १०४२ साली घेऊन गेले, त्याआधी ते सुवर्णद्वीपात म्हणजे सुमात्राकडे जाऊन सेरलिंगपा नावाच्या गुरूंकडे शिकून आले होते. त्यातून लोजोंग, म्हणजे मनाला वळण लावायची छोटी छोटी सूत्रं, तयार झाली. लांगरी थांगपांचे आठ श्लोक, चेकावांचे सात मुद्दे, श्वासाबरोबर दुसऱ्याचं दुःख घ्यायचं आणि आपलं सुख द्यायचं ते तोंगलेन, हे सगळं याच घरातलं. आधी ही शिकवण गुरू निवडक शिष्यालाच सांगायचे, चेकावांनी बाराव्या शतकात ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

पूर्वेकडे पुस्तक छापून वाटणं हेच पुण्य झालं. चीनमध्ये ८६८ साली छापलेली वज्रच्छेदिका या महायान सूत्राची गुंडाळी, सुमारे ५ मीटर लांब, दुनह्वांगच्या गुहेत सापडली, छापल्याची तारीख असलेलं जगातलं सगळ्यात जुनं पूर्ण पुस्तक म्हणतात ते हेच. शेवटी लिहिलंय की वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी, सगळ्यांना फुकट वाटायला हे करवून घेतलं. धम्मपद या पाली गाथांच्या संग्रहातही ओळ आहेच, सब्बदानं धम्मदानं जिनाति, धम्माचं दान सगळ्या दानांवर मात करतं.

युरोपात मात्र वेगळंच झालं. तिथे ही पुस्तकं पोचली ती भाषेच्या अभ्यासकांच्या टेबलावर. १८५५ साली कोपनहेगनमध्ये फाउसबोलने धम्मपद लॅटिन भाषांतरासह छापलं, १८८१ साली मॅक्स म्युलरचं इंग्रजी भाषांतर आलं, त्याच वर्षी ऱ्हीस डेव्हिड्सने पाली ग्रंथ छापणारी पाली टेक्स्ट सोसायटी काढली. या लोकांचे उपकार मोठे आहेत, पण त्यांना बुद्ध हवा होता तो तर्काने बोलणारा, कर्मकांड नसलेला तत्त्वज्ञ, त्यामुळे पठण, भावना, सराव हा भाग मागे पडला. बोधिचर्यावताराची संस्कृत संहिता मिनायेव या रशियन अभ्यासकाने १८८९ साली छापली, इंग्रजीत तो १९०९ साली आला तोही कापलेला. ञाणमोली या इंग्रज भिक्खूंचं विसुद्धिमग्गाचं भाषांतर १९५६ सालचं. म्हणजे विचार आधी पोचला आणि करून बघायची रीत खूप उशिरा, आणि आजच्या याद्यांमध्ये तत्त्वज्ञानाची पुस्तकं एका बाजूला आणि सरावाची दुसऱ्या बाजूला अशी जी फाळणी दिसते तिचं एक कारण मला इथे दिसतं.

मराठीत ही फाळणी तेवढी झाली नाही, आणि त्याचं श्रेय धर्मानंद कोसंबींना. 'बालबोध' मासिकात बुद्धाबद्दल वाचून हा गोव्यातला तरुण घर सोडून निघाला, काशी, नेपाळ, श्रीलंका असा फिरला, भिक्खू झाला, पाली शिकला आणि नंतर साध्या मराठीत लिहीत राहिला. त्यांनी नुसतं पांडित्य केलं नाही, आधी ते जगून बघितलं होतं आणि ते त्यांच्या लिहिण्यात जाणवतं. त्याच्याही आधी १८९८ साली केळुसकर गुरुजींनी मराठीत बुद्धचरित्र लिहिलं होतं, आणि त्याची प्रत त्यांनी विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांना भेट दिली. पुस्तक देणं म्हणजे काय असतं याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढे १९५४ साली रेडिओवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी बुद्धाकडून घेतली, आणि त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ १९५७ साली, ते गेल्यानंतर, बाहेर आला. मैत्री ही इथे समाज बांधायची गोष्ट होते, मनःशांतीपुरती राहत नाही.

१९५९ नंतर दलाई लामा आणि तिबेटी गुरू निर्वासित म्हणून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर लोजोंग जगभर गेलं. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू असताना थिच न्हात हान्ह या झेन भिक्खूंनी १९६६ साली स्वतःचा संघ सुरू केला, आणि त्यांचं माइंडफुलनेसवरचं गाजलेलं पुस्तक खरंतर १९७४ साली हद्दपारीतून लिहिलेलं एक लांबलचक पत्र होतं, खेड्यापाड्यात मदतकार्य करणाऱ्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी जीव धोक्यात असताना मन शाबूत ठेवावं म्हणून. आता माइंडफुलनेस म्हणजे ऑफिसचा ताण कमी करायचं साधन असं झालंय, पण त्या पत्राचं मूळ हे आहे. मग १९९५ साली शॅरन साल्झबर्ग यांचं मैत्रीभावनेवरचं पुस्तक आलं, त्या ब्रह्मदेशात सयाडो ऊ पंडित या भिक्खू गुरूंकडे हे शिकल्या होत्या, म्हणजे परत बुद्धघोषांचीच पायवाट.

म्हणून पुस्तक शोधताना आधी बघा की लेखक कुणाकडे शिकलाय आणि मूळ कुठल्या ग्रंथावर उभा आहे, बहुतेक प्रस्तावनेत ते सापडतं, आणि बुद्धाचं म्हणून एखादं वाक्य दिलंय पण कुठल्या सुत्तातलं ते दिलं नसेल तर जरा सावध राहा. दुसरं म्हणजे नावडत्या माणसापर्यंत पुस्तक जातं का ते बघा, कारण जुनी सगळी पुस्तकं तिथपर्यंत जातात. मूळ ग्रंथही आता अवघड राहिले नाहीत, सुत्तसेंट्रल या वेबसाइटवर पाली सुत्तं भाषांतरासकट फुकट आहेत आणि २०१० साली सुरू झालेला ८४००० नावाचा प्रकल्प तिबेटी ग्रंथ इंग्रजीत आणून तसेच मोफत देतोय. शांतिदेव पहिल्यांदा वाचत असाल तर थेट सहाव्या प्रकरणापासून, रागावरच्या, सुरू केलंत तरी चालेल, नववं नंतरसाठी ठेवा, ते शून्यतेवर आहे आणि जड आहे. आणि शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून मोठ्याने वाचा, एका वेळी दहाबारा श्लोक, मध्ये थांबून वाद घालत.