रेग्युलराइझ की रिअल स्पेस रिफाइन?

'कूट' (Coot) या रेणूंची मॉडेलं बांधायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये प्रथिनाचं मॉडेल दुरुस्त करताना ही दोन्ही बटणं हाताशीच असतात. कुठलंही दाबा, पडद्यावर दिसतं ते सारखंच: निवडलेला तुकडा थरथरतो, फिक्या रंगाचे तात्पुरते अणू उमटतात, सरकत सरकत स्थिरावतात आणि मग ठेवायचं की फेटाळायचं असं विचारलं जातं. इथे बडोद्यात बायोकेमिस्ट्री करणारी भाची परवा म्हणाली, "मामा, काम एकच दिसतंय, नावं उगाच दोन." पडद्याकडे बघून तरी तसंच वाटतं.

फरक नकाशाचा, म्हणजे अणू कुठे असावेत ते दाखवणाऱ्या, प्रयोगातून आलेल्या घनतेच्या चित्राचा. रेग्युलराइझ नकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला फक्त रेणूची घडण ठाऊक: अमिनो आम्लं जोडणाऱ्या पेप्टाइड बंधात कार्बन आणि नायट्रोजनमध्ये साधारण १.३३ अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा-अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), लागोपाठच्या दोन अमिनो आम्लांच्या मधल्या, म्हणजे अल्फा-कार्बनांत साधारण ३.८, पेप्टाइडचं प्रतल सपाट, कोन ठरलेले. एवढं जुळलं की त्याचं काम झालं. रिअल स्पेस रिफाइन हे सगळं सांभाळतंच, वर पडद्यावर नकाशा ज्या निळ्या जाळीने दिसतो तिच्यात अणू बसवायलाही बघतं. यात कोणाचं किती चालणार ते वजनाच्या आकड्यावर असतं. आकडा वाढवला की जाळीची ओढ वाढते, उतरवला की घडणीची.

इस्त्री कडक असली म्हणून सदरा अंगाला बसतोच असं नाही. नकाशा उत्तम असलेल्या एखाद्या वळणावर रेग्युलराइझ चालवलं, तर बंध-कोनांचे सगळे दिवे हिरवे होतात आणि साखळी मात्र जाळीतून हळूच बाहेर सरकलेली असू शकते. हिरव्या दिव्यांवर खूश होऊन मॉडेल ठेवलं, की पुढच्या फेरीत फरक-नकाशा (प्रयोग आणि मॉडेल कुठे जुळत नाहीत ते दाखवणारा) चाडी करतो: जाळी आहे पण अणू नाहीत तिथे हिरवा गोळा, अणू आहेत पण जाळी नाही तिथे लाल.

मग रेग्युलराइझ हवं कशाला? नकाशाच नसेल तेव्हा, उदाहरणार्थ दुसऱ्या रचनेवरून बेतलेल्या मॉडेलमध्ये तुटलेली टोकं जोडल्यावर. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या मॉडेलवर ते चालवून सहसा फारसं हाती लागत नाही, कारण घडण बहुधा आधीच नीट असते. चुकलेली असते ती एका भागाची दुसऱ्याशी असलेली मांडणी. तिथे आधी तो भाग अखंड उचलून जाळीत बसवायचा, मग रिफाइन.

नकाशा धूसर असला की गोष्ट अवघड होते. आपल्या सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले व्यंकटरामन रामकृष्णन (रसायनशास्त्राचं नोबेल, २००९) यांच्या गटाने २००० साली रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, ३०एस या लहान भागाची रचना सुमारे ३ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याला मांडली; हा आकडा जितका मोठा, तितका नकाशा धूसर. एवढ्या धूसरतेत मुख्य साखळीच्या ऑक्सिजनचा फुगवटा जाळीत नीट दिसत नाही. अशा वेळी वजन उतरवून घडणीला जास्त मान द्यावा, पण नकाशा सोडू नये, असं माझं मत.

आणि पेप्टाइडच उलटं बसलं असेल, ऑक्सिजनचं तोंड भलतीकडे असेल, तर दोन्ही बटणं बहुधा हात टेकतात. दोन्ही जवळच्या खळग्यात उतरतात, मधली टेकडी चढत नाहीत. आधी ते पेप्टाइड पलटून घ्या, मगच रिफाइन दाबा.